कोठा, रेचक आणि धास्ती : एका कल्पनेचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांना नक्की वाटलं असेल की, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने शौचाबद्दल काय बोलायचं? पण आमच्या विषयातला एक जुना प्रश्न इथे अगदी उघडावाघडा भेटतो. माणूस एखादी गोष्ट खरी का मानतो, आणि ती चुकीची ठरल्यानंतरही का सोडत नाही?

'कोठा साफ नसला की मळ आत सडतो, त्याचं विष रक्तात भिनतं, आणि त्यातून डोकेदुखीपासून संधिवातापर्यंत सगळं सुरू होतं.' ही कल्पना आपल्याला इतकी ओळखीची आहे की ती कोणी शिकवावी लागत नाही. सकाळी पोट साफ झालं नाही तर दिवसभर मन त्याच्याचभोवती फिरतं. वैद्यकाने ही कल्पना तपासली आणि साधारण शंभर वर्षांपूर्वी बाजूला ठेवली. कल्पना गेली, धास्ती मात्र राहिली. ती का राहिली याचं एक मोठं कारण मला तिच्यावरच्या औषधातच दिसतं. रेचक घेतल्यावर शरीरात जे घडतं, त्यातून या धास्तीला रोज नवा पुरावा मिळतो. हे कसं घडतं ते इतिहासातून बघू या.

सुरुवात फार जुनी आहे. इजिप्तमधले लोक दर महिन्याला लागोपाठ तीन दिवस पोट साफ करून घेतात, कारण सगळे रोग खाल्लेल्या अन्नातून होतात असं ते मानतात, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात केली आहे. म्हणजे रोग नसतानाही, होऊ नये म्हणून रेचक घ्यायची पद्धत अडीच हजार वर्षांपूर्वी चांगली रुळलेली होती.

आपल्याकडे विरेचन हे पंचकर्मांपैकी एक. त्यासाठी निशोत्तर, बहावा, एरंडेल अशी द्रव्यं सांगितली आहेत आणि निवडुंगाच्या चिकासारखी जहाल द्रव्यंही. या चिकाचा वापर चुकला तर तो घातक ठरतो, असा इशाराही सोबत आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात एक अख्खा अध्याय वमन आणि विरेचन यांतून उद्भवणाऱ्या संकटांवर आहे. त्यांना 'व्यापद' म्हणतात आणि चरक त्या दहा सांगतो. त्यात आध्मान म्हणजे पोट फुगणं, परिकर्तिका म्हणजे गुदभागी कापल्यासारखी वेदना, जीवादान म्हणजे शुद्ध रक्त जाणं, क्लम म्हणजे गळून जाणं, हे सगळं आहे. सुश्रुत अशा पंधरा व्यापदा मोजतो. आज ज्याला आपण औषधाचे दुष्परिणाम म्हणतो, त्याची ही पद्धतशीर यादीच आहे. शिवाय कोणाचा कोठा मृदू, कोणाचा क्रूर, हे आधी बघायचं. स्नेहन-स्वेदन करून शरीर तयार करायचं. नंतर पेज-मंडापासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणायचं. विरेचन हा वैद्याच्या देखरेखीखालचा प्रसंग होता. रोज रात्री झोपताना चमचाभर चूर्ण घेणं याला त्या शास्त्रात विरेचन म्हणत नाहीत.

इथेच एका शब्दाचा गोंधळ सांगतो. सर्व रोगांचं कारण बिघडलेले मल, अशा अर्थाचं वाग्भटाचं वचन पोटाची चर्चा निघाली की हटकून पुढे येतं. ऐकणारा 'मल' म्हणजे विष्ठा असं समजतो. पण तिथे तो शब्द दोषांसाठी, म्हणजे वात, पित्त आणि कफ यांच्यासाठी आहे. एका शब्दाचा रोजचा अर्थ शास्त्रीय अर्थाच्या जागी बसला, आणि शरीराच्या एकूण असमतोलाबद्दलचं विधान फक्त शौचाबद्दलचं झालं. त्याच वाग्भटाने सांगितलंय की शरीराचे वेग अडवून धरणं वाईट आणि ते बळाने आणणंही वाईट. पहिला निम्मा उपदेश आपण लक्षात ठेवला.

आता युरोपकडे वळतो, कारण आजच्या भीतीचा साचा तिथे घडला. आरोग्याची अवाजवी चिंता करणाऱ्या माणसाला 'हायपोकाँड्रिॲक' म्हणतात, हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे 'बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग'. म्हणजे यकृत, प्लीहा, जठर जिथे असतात ती जागा. सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत हा पोटाचाच आजार मानत. पोटातल्या बिघाडातून वाफा उठतात, त्या डोक्यात जातात आणि माणूस उदास, शंकेखोर होतो, अशी समजूत होती. साहजिकच उपाय काय? रेचक आणि बस्ती. मोलिएरचं शेवटचं नाटक १६७३ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलं, त्याचं नावच 'काल्पनिक रोगी'. पडदा उघडतो तेव्हा नायक आर्गाँ औषधविक्याची बिलं मांडून बसलेला असतो, आणि त्या महिन्यात आपण किती रेचकं आणि किती बस्त्या घेतल्या ते मोजतो. मागच्या महिन्यापेक्षा आकडा कमी दिसतो, तेव्हा त्याला कळतं की या महिन्यात आपल्याला बरं का वाटत नाहीये! प्रेक्षक हसतात. पण आर्गाँचा हिशेब त्याच्या दृष्टीने बिनचूक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या जुन्या समजुतीला प्रयोगशाळेचा पांढरा कोट मिळाला. जंतूंमुळे रोग होतात हे नुकतंच सिद्ध झालं होतं. मोठ्या आतड्यात अगणित जंतू आहेत, ते अन्नातल्या प्रथिनांचं विघटन करतात आणि त्यातून दुर्गंधी रसायनं बनतात, हेही खरं होतं. पॅरिसचे डॉक्टर चार्ल्स बूशार यांनी १८८७ मध्ये यावरची आपली व्याख्यानं ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि 'ऑटोइन्टॉक्सिकेशन' हा शब्द सर्वतोमुखी झाला. आपण त्याला 'स्वविषबाधा' म्हणू. पुढे एली मेच्निकॉफ यांनी, ज्यांना १९०८ चं नोबेल मिळालं, असं मांडलं की मोठं आतडं हा माणसाला नको असलेला, उलट अपायकारक अवयव आहे. त्यावर त्यांनी आंबवलेलं दूध सुचवलं, म्हणजे आपलं दही-ताकच म्हणा ना.

सगळेच इतके सौम्य नव्हते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले नामवंत शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन हे फार कुशल हाताचे गृहस्थ. विष मोठ्या आतड्यात तयार होतं ना, मग आतडंच काढून टाकू, असा त्यांचा सरळ तर्क. बद्धकोष्ठाच्या रुग्णांवर, त्यातही बहुतेक स्त्रियांवर, त्यांनी आतड्याला वळसा देण्याच्या आणि नंतर मोठं आतडं काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. काही रुग्ण दगावले. १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर लांबलचक चर्चा झाली आणि टीकेला धार आली. लेन यांनी पुढे शस्त्रक्रियेपेक्षा लिक्विड पॅराफिन आणि आहार यांचा प्रचार धरला.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणातली गंमत बघा. साखळीतला प्रत्येक दुवा वाजवी वाटतो. आतड्यात जंतू आहेत, खरं. ते रसायनं बनवतात, खरं. काही रसायनं विषारी असतात, तेही खरं. मळ जास्त वेळ राहिला तर ती जास्त शोषली जातील, शक्य आहे. म्हणून माझं डोकं दुखतं. हा शेवटचा दुवा कोणी तपासलेलाच नव्हता. यकृत नावाचा अवयव मध्ये बसलेला आहे आणि आतड्यातून आलेलं रक्त आधी त्याच्यातून जातं, याचाही विसर पडला होता.

बाजाराला मात्र साखळी पूर्ण व्हायची वाट बघण्याची गरज नव्हती. इंग्लंडमध्ये बीचमच्या गोळ्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घरोघरी पोचल्या होत्या. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने गुप्त औषधांचं पृथक्करण करून एक पुस्तक काढलं. त्यात या गोळ्यांमधले घटक निघाले कोरफडीपासूनचा एळवा, सुंठ आणि साबण. अमेरिकेत १९०६ मध्ये मॅक्स किस यांनी फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन चॉकलेटमध्ये घालून 'एक्स-लॅक्स' बाजारात आणलं. हे रसायन आपण शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल-अल्कली ओळखायला वापरतो तेच. त्याने जुलाब होतात हे हंगेरीत लक्षात आलं होतं. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायची गरजच उरली नाही. औषध आणि खाऊ यांच्यातली सीमारेषा पुसली गेली.

आपल्याकडे हे वारे दोन वाटांनी आले. एक वाट पेटंट औषधांची. दुसरी निसर्गोपचाराची. जर्मनीच्या लुई कूने आणि अडॉल्फ जुस्ट यांची पुस्तकं गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचली. जोहान्सबर्गमध्ये आपल्याला बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीचा त्रास होता आणि अधूनमधून रेचक घ्यावं लागे, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिलं आहे. नंतर त्यांनी पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवून पाहिली. कूने यांच्या मते शरीरात साठलेलं परकं द्रव्य हे सर्व रोगांचं मूळ. ही भाषा आपल्या 'मल' शब्दाशी इतकी सहज जुळली की ती परदेशातून आली आहे हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला गांधीजींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला, तोवर ही परंपरा आपलीच झालेली होती. तिच्यातल्या आहार-विहाराच्या शिकवणीचं मोल मी कमी करत नाही. विष भिनण्याची कल्पना आपल्या मनात किती वाटांनी मुरली, एवढंच दाखवायचं आहे.

आता तपासणीकडे येऊ. लंडनमध्येच आर्थर हर्ट्झ, ज्यांनी पुढे आडनाव बदलून हर्स्ट केलं, हे क्ष-किरण आणि बिस्मथ वापरून अन्न आतड्यातून कसं पुढे सरकतं ते बघत होते. १९०९ मध्ये त्यांचं बद्धकोष्ठावरचं पुस्तक आलं. १९२२ मध्ये त्यांनी स्पष्ट मांडलं की आतड्यावर जे आरोप होतात ते बरेचसे खोटे आहेत, आणि आतड्याचे खरे हाल रेचकं आणि बस्त्या करतात.

पण सगळ्यात सुंदर युक्तिवाद अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ यांचा, १९१९ मधला. ते म्हणाले, बद्धकोष्ठाच्या माणसाला शौच झाली की डोकं हलकं होतं, मरगळ जाते, तीही लगेच, काही मिनिटांत. रक्तात विष असतं तर असं झालं असतं का? मी माझा दाखला देतो. दारू चढलेल्या माणसाच्या हातातली बाटली काढून घेतली, म्हणून त्याची झिंग त्याच क्षणी उतरत नाही. रक्तातलं विष निघायला वेळ लागतो. म्हणजे हा त्रास विषाचा नव्हे, गुदाशय ताणल्यामुळे मज्जातंतूंवरून जाणाऱ्या संदेशांचा आहे. १९२२ मध्ये डोनाल्डसन नावाच्या संशोधकाने निरोगी स्वयंसेवकांच्या गुदाशयात कापूस भरून पाहिला. डोकं जड होणं, अस्वस्थपणा, कामात लक्ष न लागणं, सगळी ओळखीची लक्षणं हजर झाली. कापूस काढला, लक्षणं गेली. कापसात कसलं आलंय विष?

इथे एक नीट लक्षात घ्या. लक्षणं खोटी आहेत असं या प्रयोगाने दाखवलं नाही. ती खरीच होती. लावलेला अर्थ चुकीचा होता.

आणि 'रोज सकाळी एकदा' हा नियम? १९६५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी आली. हजारांहून अधिक कारखाना कामगार आणि डॉक्टरांकडे नोंदलेले चारशे लोक यांना शौचाच्या सवयी विचारल्या होत्या. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, या पल्ल्यात सुमारे ९९ टक्के लोक बसले. म्हणजे दोन दिवसांआड जाणारा माणूस आजारी असतोच असं नाही. तो फक्त शेजाऱ्यापेक्षा वेगळा असतो.

आता त्या चक्राकडे येतो, ज्यासाठी हा सगळा प्रवास केला. एखाद्याला दोन दिवस झाली नाही. तो जोरकस रेचक घेतो. एरवी शौचाच्या वेळी मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग रिकामा होतो, रेचकाने त्याच्या बराच वरचाही होतो. आतडं पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाट बघतो, आणि काहीच होत नाही. होणार कुठून, आत आहेच काय? तो म्हणतो, 'बघा, औषधाशिवाय होतच नाही.' आणि पुन्हा रेचक घेतो. रेचकाने आणलेला रिकामेपणा त्याने बद्धकोष्ठ म्हणून वाचला. हा सिद्धांत स्वतःच्या पुराव्याची शेती स्वतःच करतो. असं मत बाहेरून कितीही युक्तिवाद केला तरी हलत नाही, कारण त्या माणसाला रोज सकाळी प्रत्यक्ष अनुभव येत असतो.

चक्राला आणखी दोन आरे आहेत. पहिला शरीराचा. रेचकांचा फार अतिरेक झाला की जुलाबांवाटे पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियम कमी झालं की स्नायू दुबळे होतात, त्यात आतड्याचेही. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. दुसरा आरा मनाचा. वॉल्टर कॅनन यांनी १८९८ च्या सुमारास मांजरांवर क्ष-किरणांचे प्रयोग करताना पाहिलं की मांजर चिडलं, घाबरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते. भीती पचनसंस्थेला प्रत्यक्ष हात घालते. म्हणजे संडासात बसून 'आज होईल ना' असं म्हणणं हा अनेकदा न होण्याचाच एक भाग असतो.

रेचकामुळे दिसणाऱ्या खुणांनीही माणूस घाबरतो. पोटात मुरडा येतो, चिकट आव पडते, शौच पातळ किंवा बारीक होते. सोनामुखीने लघवीचा रंग पिवळट-तपकिरी किंवा लालसर होऊ शकतो. हे औषधाचे परिणाम आहेत हे माहीत नसलेला माणूस त्यात कर्करोग शोधतो. दुर्बिणीने आतडं तपासल्यावर अस्तर काळपट दिसलं की पोटात गोळाच येतो. या काळपटपणाचा संबंध सोनामुखी, एळवा यांसारख्या रेचकांशी आहे हे १९३३ मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं गेलं. औषध थांबवल्यावर तो काही महिन्यांत फिका पडतो आणि एरवी निरुपद्रवी आहे.

रेचकं अगदीच निर्दोष आहेत असंही नाही. लेन यांनी लोकप्रिय केलेलं लिक्विड पॅराफिन फुप्फुसात गेलं तर एक प्रकारचा न्यूमोनिया होतो, आणि दीर्घकाळ घेतल्यास अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांच्या शोषणात अडथळा येतो. चॉकलेटमधलं ते फिनॉल्फ्थॅलीन नव्वदेक वर्षं बिनदिक्कत विकलं गेलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी होतात असं दिसल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बंदीचा प्रस्ताव ठेवला आणि १९९९ मध्ये ते बाद झालं.

यातून आता उलट दिशेची एक धास्ती तयार झाली आहे. 'रेचक घेतलं की आतडी कायमची सुस्तावतात, मग आयुष्यभर सुटका नाही.' २००५ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी या समजुतींचा एकत्र आढावा घेतला. सांगितलेल्या मात्रेत घेतलेल्या उत्तेजक रेचकांनी आतड्याला कायमची इजा होते याला भक्कम पुरावा त्यांना दिसला नाही. हे महत्त्वाचं आहे. वेदनाशामक अफूजन्य औषधं घेणारा रुग्ण, पार्किन्सनचा रुग्ण, अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस यांना रेचक खरोखर लागतं. त्यांना डॉक्टरांनी दिलेलं औषध भीतीपोटी टाळून हाल सोसण्याचं काहीच कारण नाही. एका भीतीतून निघून दुसरीत पडलो तर आपण काहीच शिकलो नाही.

शेवटी आमच्या एका माणसाकडे येतो. इमान्युएल कांट. १७९८ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी 'विद्याशाखांमधील संघर्ष' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या अखेरच्या भागात ते हूफेलांड नावाच्या डॉक्टरांना उत्तर देताना स्वतःबद्दल लिहितात. आपली छाती सपाट आणि अरुंद, त्यामुळे हृदय-फुप्फुसांना जागा कमी. यातून आपल्याला आजाराच्या चिंतेची उपजत प्रवृत्ती आहे, आणि तरुणपणी ती जगण्याचा कंटाळा येण्यापर्यंत पोचली होती. मग त्यांनी विचार केला की हे कारण शरीराच्या ठेवणीतच आहे, ते काही बदलणार नाही. तेव्हा त्याकडे लक्ष द्यायचं थांबवलं. छातीत दाटणं राहिलंच, डोक्यात मात्र शांतता आली. लक्षण जावं अशी अट त्यांनी घातली नाही. लक्षणाला किती जागा द्यायची हे ठरवलं.

कांटची ही रीत मला फार मोलाची वाटते, पण ती सरसकट वापरता येत नाही. शौचातून रक्त जाणं, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं, पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर अचानक सवय बदलणं, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यांपैकी काही असेल तर लक्ष काढून घ्यायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. 'मूळव्याध असेल' म्हणून स्वतःच निकाल द्यायचा नाही. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही, अशा वेळी रेचक घेणं तर जिवावर बेतू शकतं. तपासणी एकदा नीट झाली, काही निघालं नाही, की मात्र कांटचं ऐकायचं. रोज सकाळी पुन्हा नवा खटला भरायचा नाही.

ज्यांना हे चक्र ओळखीचं वाटलं, त्यांनी रेचक घेतल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही झालं नाही, तर एवढंच आठवावं की आतडं भरायला वेळ लागतोय. पाणी, भाजीभाकरी, चालणं, आणि वेग आला की कामं बाजूला ठेवून उठणं. वेग अडवू नये आणि बळाने आणूही नये, हे वाग्भटाचं दुसरं निम्मं यापुढे लक्षात ठेवू या. आता प्रश्न विचारा. या विषयावर संकोच करायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.